दोन ट्रॉली मलबा

सही

माझं अक्षर बिघडलंय हे आधी माझ्या मुलीच्या लक्षात आलं. मुक्ता बारावी होऊन प्रवेशाचे अर्ज भरत होती. पालकाची सही हवी म्हणून तिनं कागद पुढं केला, मी सही केली. तिनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "बाबा, ही तुमची नाही वाटत." मी दुसऱ्या कागदावर केली. ती पहिलीशी जुळेना. तिसरी दोन्हींशी जुळेना.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. एका विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात सव्वीस वर्षं काम झालं होतं. इमारतींची दुरुस्ती, रंग, गळती, नवीन बांधकाम, जे निघेल त्याचं मोजमाप घ्यायचं, वहीत आकडे लिहायचे आणि खाली सही करायची, एवढीच माझी विद्या. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी प्रयोगशाळा जिथं जिथं मोडली जाते, तिथं हे घडू शकतं.

आजार आता बरा झालाय. नव्वद टक्के म्हणा. उरलेले दहा कुठं आहेत ते शेवटी सांगतो. ज्यांना काही केल्या निदान होत नाही अशांसाठी हे लिहितोय, आणि जे माझ्यासारखे हातात टेप धरून प्रयोगशाळेच्या दारात उभे राहतात त्यांच्यासाठीही. पण माझ्या हातांपेक्षा मोठी गोष्ट यात एका मिस्त्रीच्या घरातल्या जमिनीची आहे, आणि त्या जमिनीवर चटई टाकून झोपणाऱ्या त्याच्या गरोदर लेकीची. त्या जमिनीत काय असू शकतं हे मला कळलं होतं त्याच्या किती उशिरा मी बोललो, तेही लिहिणार आहे.

काट्याची खोली

सलग दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. आमच्या भागात नळ आठव्या दिवशी यायचा, तोही पाऊण तास. शहर मात्र थांबलं नव्हतं. चिकलठाण्याकडं कारखान्यांच्या पाठीमागं घरं उठत होती, हर्सूलच्या तलावापलीकडं शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते. विद्यापीठातही जुन्या खोल्या मोडून नव्या करायचं काम निघालं. माझ्याकडं आली ती रसायनशास्त्राची एक पन्नासेक वर्षांची प्रयोगशाळा.

ताबा घेताना मी नेहमीप्रमाणं मोजलं. टेबलं चौदा, स्टुलं अठ्ठावीस, पंखे सहा, त्यातला एक बंद. 'खोली रिकामी करून दिली' अशी पावती विभागानं दिली. फरशीखाली काय आहे, असा रकाना त्या पावतीत नव्हता, आणि नसलेल्या रकान्याचा विचार करायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी रऊफ मिस्त्रीनं मला आत बोलावलं. रऊफ चौदा वर्षं आमच्या कामांवर होता, हाताखाली दोन मजूर. त्यानं पहारीनं शहाबादी फरशी उचलून धरली होती. "साब, जमीन में चांदी निकली," तो म्हणाला. फरशीखालच्या चुऱ्यात पाऱ्याचे थेंब होते. मोठे हरभऱ्याएवढे, लहान मोहरीएवढे, पहार हलली की पळणारे.

पन्नास वर्षांत किती थर्मामीटर फुटले असतील, किती नळ्या निसटल्या असतील. सांडलेला पारा गोळा करायला गेलं तर बोलणी बसतात म्हणून मुलं पायानं फटीत सारायची, असं मला पुढं एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं.

त्याच क्षणी काम थांबवून, दार लावून विभागाला कळवायला हवं होतं. मला मात्र वाटलं, ही विद्यापीठाची वस्तू आहे, नोंदलेला साठा आहे, वाया जाता कामा नये. रऊफ, दोन मजूर आणि मी, आम्ही आठ दिवस कागदाच्या तुकड्यांनी थेंब गोळा केले. उघड्या हातांनी. फरशी पाण्यानं धुवायची नाही असं टंचाईचं परिपत्रक होतं, म्हणून सगळी झाडलोट कोरडी. गोळा झालेला पारा मी वजन करून घेतला. दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. वजन ऐकायला मोठं वाटतं, पण मोठ्या कपात मावला असता.

तो मी स्टीलच्या पातेल्यात घालून माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला. कपाट होतं प्रयोगशाळेला लागून असलेल्या काट्याच्या खोलीत. तिथं पूर्वी नाजूक तराजू असायचे. वाऱ्याच्या झोतानं काटा हलू नये म्हणून त्या खोलीला खिडकीच ठेवलेली नव्हती. काम चालू असेपर्यंत मी तिथं टेबल टाकलं. बाहेर बेचाळीस अंश, कूलरला पाणी नाही. ती खोली गार वाटायची. दार लावून, पंखा लावून मी आकडेमोड करायचो, डबाही तिथंच खायचो. मार्चच्या सुरुवातीपासून मेच्या अखेरीपर्यंत.

एक माणूस मला वेळेवर बोलला होता. सोनवणेमामा त्याच प्रयोगशाळेत चौतीस वर्षं परिचर होते, आदल्या वर्षी निवृत्त झाले. काम सुरू करण्याआधी त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. पेन्शनच्या कागदासाठी आले असताना त्यांना पातेलं दिसलं.

"साहेब, ह्याच्यावर सतत पाणी ठिवा," ते म्हणाले. "आन् इथं बसू नका."

"मग कुठं बसू?"

"बाहेर लिंबाखाली बसा. लिंबाला काय होत नाय."

मी हसलो. पातेल्यात दोन बोटं पाणी मात्र घातलं. पाच-सहा दिवसांत ते आटलं. 'पाणी जपून वापरा' ही पाटी विभागात मीच लावली होती, सहीसकट. मेलेल्या धातूवर तांब्याभर पाणी ओतायला माझा हात झाला नाही.

आता मलब्याचं. फोडलेली फरशी आणि खालचा भराव मिळून पाच ट्रॉली निघाला. रऊफनं हर्सूलच्या पुढं एक लहानसा प्लॉट घेतला होता. एक खोली उभी होती, दुसरीचं जोतं भरायचं होतं. मलबा मिस्त्रीनं मागायचा आणि साहेबानं न बघितल्यासारखं करायचं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मी आजवर कुणाला दिला नव्हता. पण रऊफनं चौदा वर्षांत काही मागितलं नव्हतं. दोन ट्रॉली त्याच्या घरी गेल्या, तीन ठरलेल्या जागी. वहीत मी लिहिलं, 'मलबा पाच ट्रॉली, नेमून दिलेल्या ठिकाणी टाकला.' सव्वीस वर्षांतली ती एकच खोटी नोंद. निदान मला आठवणारी.

अकरावा हंडा

एप्रिलपासून तोंडात सतत नाणं धरल्यासारखी चव. हिरड्या सुजल्या. झोप दोन-अडीच तासांवर आली. वजन एकाहत्तरवरून बासष्ट. हात आधी बोटांच्या टोकांना थरथरायचे, मग मनगटापासून. पण हे सगळं शरीराचं झालं. खरं बिघडलं होतं ते डोकं, आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मी मूळचा तापट नाही. त्या दिवसांत मला कशानंही राग यायचा आणि त्याच वेळी माणसांची भीती वाटायची. दाराची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जायचो. वरिष्ठांसमोर उभं राहिलो की शब्द सापडायचे नाहीत. घरी मात्र सगळे शब्द सापडायचे.

नळ आला की आम्ही अकरा हंडे भरून ठेवायचो. मी रोज संध्याकाळी ते मोजायचो. एकदा दहाच निघाले. अनुराधानं, माझ्या बायकोनं, एक खालच्या मजल्यावरच्या कदमकाकांकडं दिला होता, कारण त्यांची मोटर जळाली होती. मी हंड्यावरचं झाकण भिंतीवर फेकलं. मुक्ताची मैत्रीण घरात होती. ती उठून गेली. अनुराधा झाकण उचलून आणत म्हणाली, "उद्यापासून माझे घोटही मोजत जा." त्या दिवसापासून ती मुक्ताच्या खोलीत झोपायला लागली.

आठवड्यानं कदमकाका जिन्यात भेटले. इकडतिकडचं बोलून हळूच म्हणाले की त्यांच्या साडूच्या ओळखीचं एक केंद्र आहे, तिथं नाव गुप्त ठेवतात, सुटते हळूहळू. मला कळायला वेळ लागला. थरथरणारे हात, आरडाओरडा, वजन उतरलेलं. मी दारू पितो असं अख्ख्या इमारतीनं ठरवलं होतं. मी आयुष्यात चहाशिवाय कशाच्या नादी लागलो नाही, हे मी त्यांना सांगूही शकलो नाही. घरी येऊन रडलो. रडणंही तेव्हा सहज यायचं.

तीन डॉक्टर झाले. एकांनी थायरॉईड तपासलं, एकांनी साखर, तिसऱ्यांनी ताण आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. कुणाचीही चूक म्हणत नाही. मी प्रत्येकाला 'ऑफिसचं काम' एवढंच सांगितलं होतं.

निदानाचा दिवस

चौथ्या डॉक्टर एका मोठ्या रुग्णालयात होत्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला तुटक. जूनमधला मंगळवार होता. त्यांनी मला कागदावर एक गोल काढायला लावला. माझा गोल पापडासारखा झाला. मग हिरड्या बघितल्या. हिरड्या बघणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर.

"काम काय करता?"

"ऑफिसचं. कागदावरचं."

"कागद कुठं बसून लिहिता?"

मी सांगायला लागलो. खोली, फरशी, पारा. खिडकी नाही हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तो पारा आत्ता कुठं आहे?"

"कपाटात. सुरक्षित आहे. वजन करून ठेवलाय."

अनुराधा शेजारी बसली होती. ती मला नंतर म्हणाली की त्या क्षणी तिला हसू आलं होतं आणि स्वतःचीच लाज वाटली होती.

डॉक्टरांनी समजावलं ते थोडक्यात असं. पारा हाताला लागून तितकं बिघडत नाही. उघडा पारा गरम बंद खोलीत वाफेनं हवेत मिसळतो, वास येत नाही, आणि तो श्वासातून आत जातो. नसांवर बसतो. हळूहळू निघतो, काढायची औषधं आहेत. "हात बरे होतील का?" मी विचारलं. "बहुतेक," त्या म्हणाल्या. बहुतेक म्हणजे किती, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?" मी रऊफचं आणि दोन मजुरांचं नाव लिहून दिलं. ते बाहेर, दारं-खिडक्या उघड्या असलेल्या मोठ्या खोलीत होते, तुमच्याइतकं नसेल, पण तपासायला बोलवा, असं त्या म्हणाल्या.

आणि तेव्हाच मला दोन ट्रॉली आठवल्या. आम्ही उचलले ते दिसणारे थेंब. चुऱ्यात बारीक राहिलेला किती असेल याचं माप कुणाकडं नव्हतं. मी तोंड उघडलं. माझी नोंद डोळ्यांपुढं आली, तिच्याखालची माझी सही, चांगली होती तेव्हाची. मी तोंड मिटलं.

पाणी

मी सव्वीस दिवस वॉर्डात होतो. पहिलं काम, चोवीस तासांची लघवी एका डब्यात जमा करायची. डबा पाच लिटरचा. तपासणी मुंबईला जायची, आकडा यायला आठवडा. आकडा आला तो असायला हवा त्याच्या कितीतरी पट होता. तो इथं लिहीत नाही, कारण वाचणारा लगेच आपला आकडा त्याच्याशेजारी ठेवून बघतो. मीही शेजारच्या खाटांवर तेच करायचो.

सकाळी सहाला रक्त, सातला कॅप्सूल. तिला कुजक्या अंड्यासारखा वास. आठला चहा, तो स्टीलच्या पेल्यात अर्धाच द्यायचे, कारण भरलेला मी सांडायचो. शर्टाची बटणं वॉर्डातल्या सिस्टरबाई लावायच्या. मी प्यायलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी चिठ्ठीवर लिहून ठेवायचो. माझा सात आणि एक सारखेच दिसायचे. सिस्टरबाई म्हणायच्या, "काका, हे तुमचं पाणी सातशे का शंभर?" मी म्हणायचो, सातशे. "मग सातला पोट काढा जरा."

दिवसाला तीन लिटर पाणी प्या असं सांगितलं होतं. वॉर्डाचा नळ कोरडा. अनुराधा रोज दोन बसा बदलून घरून बाटल्या आणायची. घरातल्या हंड्यांतून तीन लिटर माझे, मग दोघींना काय उरत असेल ते मी आता कधी मोजत नाही. एके दिवशी कदमकाका स्वतः पाच लिटरचा कॅन घेऊन आले. खाटेखाली ठेवला. "पाराच होता म्हणे," एवढंच बोलले, आणि मान खाली घालून बसले. मी त्यांचा हात धरला. माझा थरथरत होता म्हणून त्यांचाही हलायला लागला. आम्ही दोघंही हसलो.

माझे कामावरचे कपडे अनुराधा गच्चीत झटकून धुवायची, म्हणून तिला आणि मुक्तालाही तपासलं. दोघींचं ठीक निघालं. बूट, पिशवी, टिफिनचं कापड घरातून काढून वेगळं बांधून दिलं.

आणि या सगळ्या दिवसांतले पहिले पाच, मंगळवार ते शनिवार, मी भिंतीकडं तोंड करून पडून होतो. औषधांमुळं असेल असं सगळे समजत होते.

रविवार

रविवारी दुपारी रऊफ आला. तपासणीसाठी निरोप गेला होता, पण तो आधी मला बघायला आला. हातात चार मोसंब्या. त्या वर्षी आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या, कुठून मिळवल्या कुणास ठाऊक.

"साब, आधे हो गए तुम," तो स्टूल ओढून म्हणाला. कामावर म्हणे बोलतात की पाठकसाहेबांना नजर लागली. "मी म्हणलं, नक्को रे बाबा. साहेबांना नजर लागली तर तिला पण टेप लावतील, कितनी लंबी है." अनुराधा हसली. ती मोसंबी सोलायला बसली.

त्याच्या स्वतःच्या हिरड्याही दुखत होत्या. तंबाखूत चुना जास्त होतोय असं समजून त्यानं चुनेवाला बदलला होता. मग घरच्या गोष्टी निघाल्या. त्याची लेक शबाना जालन्याहून बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा सरत होता.

"नव्या खोलीतच झोपती," रऊफ म्हणाला. "तीच गार है. सिमेंटचा कोबा नाही झाला, बांधकामाला पाणीच देईनात. भरावावर चटई टाकून दिली. तुमचा मलबा होता म्हणून साब, नाहीतर पोरगी कुठं झोपली असती."

मी विचारलं, तिथं कधी पारा दिसला का.

"दिसतो की. झाडू मारली की गोळ्या निघतात. शबाना हसती मला. अब्बा, म्हणती, तुमच्या घरात चांदी उगवती."

मी उठून बसलो. "रऊफ, तिला आजच्या आज त्या खोलीतून काढ. खोलीत कुणी जाऊ नका, झाडू नका. मला जे झालंय ते त्या पाऱ्यानं झालंय."

त्याला आधी कळलं नाही. त्याला वाटलं होतं की साहेबांना साहेबांचा काहीतरी आजार झालाय. मी पुन्हा सांगितलं, सावकाश.

"कब से मालूम है तुम को?"

"मंगळवारपासून."

त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत नेला. मंगळ, बुध, जुमेरात. शेवटच्या पेरावर थांबला.

"आज इतवार है, साब," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो उठला आणि गेला. व्हरांड्यात फोनवर बोलताना त्याचा आवाज ऐकू आला, शबानाच्या आईला सांगत होता की पोरीला उठव, सामान राहू दे, पोरीला बाहेर काढ.

अनुराधाच्या हातात अर्धी सोललेली मोसंबी तशीच होती. तिलाही मी मलब्याचं बोललो नव्हतो. ती म्हणाली, "पाच दिवस रोज माझ्या हातचं पाणी प्यायलात. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" मी नोंदीचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. तिनं पिशवीतून वही काढली, पान फाडलं, पेन माझ्या हातात दिलं.

"लिहा."

"हात हलतोय."

"हलू दे."

दोन पानांना दीड तास लागला. पारा सापडूनही काम थांबवलं नाही, कोरडं झाडायला मी सांगितलं, मलब्याच्या दोन ट्रॉली कुठं गेल्या, नोंद खोटी आहे. खाली सही केली. ती माझ्या जुन्या सहीसारखी अजिबात नव्हती. सोमवारी अनुराधानं तो कागद स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

खणलं ते

पुढचं मी बघितलं नाही, सोनवणेमामांनी येऊन सांगितलं. या वेळी विद्यापीठानं त्यांना घरून बोलावून नेलं होतं. प्रयोगशाळा आणि काट्याची खोली बंद केली. माहीतगार माणसं आली, तोंडाला नळकांड्यांचे मुखवटे, हातात जाड मोजे. रऊफच्या खोलीतला भराव खाली मूळ मातीपर्यंत काढला. धूळ उडू नये म्हणून ओला करून काढायचा होता, तर विद्यापीठानं टँकर पाठवला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन टँकरभोवती जमल्या. मातीवर पाणी मारताहेत हे बघून त्या शिव्या द्यायला लागल्या. रऊफची बायको त्यांना हात जोडून सांगत होती. भराव पिंपांत भरून सील केला. बाकीच्या तीन ट्रॉलींचा ढीगही शोधून झाकला, मग नेला.

"भिंतीबी खालून धुतल्या," मामा म्हणाले. "मिस्त्री दारात उभा व्हता."

माझी चौकशी झाली. शिक्षा झाली ती योग्य होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. काही सहकाऱ्यांना वाटलं की मी लिहून द्यायला नको होतं. आजारी माणसाला कोण काय करणार होतं, असं ते म्हणाले. त्यांना मी उत्तर देत नाही. आजारी मीच एकटा असतो तर गोष्ट वेगळी.

कामावर परत आल्यावर मी एकच पद्धत बदलली. प्रयोगशाळेला हात लावायच्या आधी त्या खोलीत सगळ्यात जास्त वर्षं झाडू मारलेल्या माणसाला शोधतो आणि त्याच्याबरोबर तासभर बसतो. कुठं काय सांडायचं, कोणत्या मोरीत काय ओतायचे, कोणतं कपाट कुणी उघडत नसे. प्राध्यापकांच्या यादीत हे नसतं. ऐकताना वही मिटलेली ठेवतो, नाहीतर माणसं जपून बोलतात. नंतर लिहितो. फटीत, नळीत, मोरीच्या वाकणात काही चमकलं तर काम थांबतं, मग वरून कुणाचाही फोन येवो.

रऊफच्या आणि मजुरांच्या तपासणीत थोडा पारा निघाला. शबानाच्याही निघाला, माझ्यापेक्षा पुष्कळ कमी. डॉक्टर म्हणाल्या, नसायलाच हवा होता. सप्टेंबरमध्ये मुलगी झाली. वजन दोन किलो सातशे. हे मला अनुराधाकडून कळायचं, ती दवाखान्यात त्यांना भेटायची. मुलगी हसायला लागली, मान धरली, आवाजाकडं बघायला लागली, सगळं ज्या त्या महिन्यात. डॉक्टर 'आता काळजी नाही' असं म्हणत नाहीत. 'बघत राहू' म्हणतात. मीही तेवढंच लिहितो. त्या पाच दिवसांचा तिच्यावर काही परिणाम झाला की नाही, हे कुठल्याही तपासणीत वेगळं काढता येत नाही. मी विचारून बघितलं.

रऊफ माझ्याशी सात महिने बोलला नाही.

ओळंबा

जानेवारीत एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "भिंत उचलतोय साब. माणूस कमी है. पत्ता मालूम है ना?"

मी पहिल्यांदाच त्याच्या घरी गेलो. नव्या खोलीत नवा मुरूम भरून कोबा केला होता, नुकता वाळलेला, गुळगुळीत. कोपऱ्यात गोधडीवर ती मुलगी पालथी पडून मान वर करून बघत होती. शबाना दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला सलाम केला. रऊफनं तिची ओळख करून दिली नाही, आणि जुनं काही काढलंही नाही. मागच्या पडवीची भिंत कमरेच्या वर आली होती. तो फळीकडं बोट दाखवून म्हणाला, "चढा."

मी चढलो. त्यानं ओळंब्याची लाकडी चकती माझ्या हातात दिली. दोरीला खाली लोखंडी वजन. वरच्या विटेला चकती टेकवून धरायची, खाली वजन स्थिर झालं की भिंत सरळ आहे का ते दिसतं. मिस्त्रीचं हे सगळ्यात साधं काम, पण हात निश्चल लागतो. जूनपासून माझ्या हातात कुणी भरलेला पेला दिला नव्हता.

वजन झुलायला लागलं. मी चकती दाबली, तसं आणखी झुललं.

"हलतंय," मी म्हणालो.

"दिखता है मेरे कू." तो खाली उकिडवा बसला होता, एक डोळा मिटून. "धरा. थांबंल."

मी मोजायला लागलो. दहा, वीस. तिसाला झोका लहान झाला, मग माझं मनगट उडालं आणि तो पुन्हा वाढला. रऊफ हलला नाही. माझे उरलेले दहा टक्के ते हेच, आणि ते आम्ही दोघंही दोरीच्या टोकाला बघत होतो. साठ. सत्तर. गोधडीवरून पोरीचा काहीतरी आवाज आला, शबाना तिच्याशी बोलली. चौऱ्याऐंशीला वजन थांबलं.

रऊफनं विटेपासूनचं अंतर बघितलं. "दोन सूत बाहेर है," तो म्हणाला. म्हणजे पाव इंच.

त्यानं थापीच्या दांड्यानं ठोकून वरचा थर मोकळा केला, विटा एकेक करून काढल्या, मसाला खरवडला आणि पुन्हा बसवल्या. मग वर बघितलं. मी ओळंबा पुन्हा धरला.